चाळीस वर्षांचा कागद

खानदेशात ॲस्बेस्टॉस म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सिमेंटचा पत्रा. गोठ्यावरचा, जिनिंगच्या शेडवरचा, शाळेच्या वाढीव खोलीवरचा. पण पत्रा हे या धाग्याचं फक्त एक रूप आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरची उष्णता कोंडून ठेवायला जगभर ॲस्बेस्टॉसचा लेप आणि अस्तर वापरत, आणि भुसावळ तर वाफेच्या इंजिनांचंच गाव. औष्णिक वीजकेंद्रांच्या वाफेच्या नळ्यांनाही हेच अस्तर असे. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, तो याच जमान्यातला. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव इथल्या कापड गिरण्यांचे बॉयलर त्याहून जुने. ट्रकच्या आणि एसटीच्या ब्रेक लायनरमध्येही हाच धागा होता. चाक उतरवलं की कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रममधली भुकटी उडवायची, ही गॅरेजमधली रोजची रीत होती.

खडकातून निघणारा हा धागा आगीत जळत नाही, सुतासारखा कातता येतो, स्वस्त पडतो. म्हणून विसाव्या शतकाने तो डोक्यावर घेतला. पण तो जितका कुटावा, कापावा, घासावा तितका उभा चिरत बारीक होत जातो, आणि डोळ्याला न दिसणारे त्याचे तंतू श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून तीन मोठे आजार होतात. पहिला ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस आवळत, कडक होत जाणं. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग, जो ॲस्बेस्टॉसशिवाय क्वचितच होतो. हा तिसरा आजार तंतू आत गेल्यावर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो.

या मधल्या वर्षांतच भरपाईच्या लढ्याचा सगळा इतिहास दडलेला आहे. माणूस निवृत्त होऊन गावी येतो, कारखाना नाव बदलतो किंवा बंद पडतो, मालक बदलतात, हजेरीपटाला वाळवी लागते. मग छातीत पाणी होतं. न्यायालय विचारतं, हा आजार त्या कारखान्यातलाच कशावरून? जगात जिथं जिथं कामगार जिंकला, तिथं कुणीतरी कागद जपलेला होता. जिथं हरला, तिथं बहुतेक वेळा कागद नव्हता, नाहीतर मुदत संपलेली होती.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या रॉचडेलला. टर्नर ब्रदर्स या तिथल्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर ॲस्बेस्टॉस कातायला सुरुवात केली. १९२० साली इतर काही कंपन्यांशी जोडून तिची टर्नर अँड न्यूअल झाली. नेली केरशॉ ही बाई तिथं सूत कातण्याच्या कामावर होती. १९२२ मध्ये तिच्या डॉक्टरने ॲस्बेस्टॉसमुळे विषबाधा झाल्याचा दाखला दिला. कंपनीने जबाबदारी झटकली, कारण भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत असा रोगच नव्हता. मार्च १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण पाहिले, त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि पुढे १९२७ मध्ये या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिलं. नेलीच्या घरच्यांना काहीही मिळालं नाही. तिला निनावी थडग्यात पुरलं गेलं.

तिच्या मरणाने सरकारी चौकशी मात्र सुरू झाली. कारखाना निरीक्षक मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले. त्यांतल्या ९५ जणांची फुप्फुसं खराब झालेली होती. १९३० साली अहवाल आला आणि १९३१ पासून ब्रिटनमध्ये धुळीवर नियम व ॲस्बेस्टॉसिसला भरपाई सुरू झाली. पुढची पायरी १९५५ ची. रिचर्ड डॉल यांनी याच रॉचडेलच्या कारखान्यातले वीस वर्षांहून जास्त काळ धुळीत काम केलेले ११३ पुरुष अभ्यासले. फुप्फुसाच्या कर्करोगाने जिथं एखादाही मृत्यू अपेक्षित नव्हता, तिथं अकरा सापडले. हा अभ्यास छापला जाऊ नये म्हणून कंपनीने प्रयत्न केले, तरी तो छापला गेला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले कित्येक खाणीत कधी उतरलेलेही नव्हते, नुसते खाणीच्या परिसरात राहिलेले होते. म्हणजे १९६० संपेपर्यंत जाणणाऱ्यांना सगळं कळलेलं होतं.

खटल्याच्या मार्गाने पहिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेत. टेक्सासमधले क्लॅरेन्स बोरेल हे १९३६ पासून तेल शुद्धीकरण कारखान्यांत आणि गोदीत नळ्यांना, बॉयलरना अस्तर लावण्याचं काम करत. भुसावळच्या शेडमधल्या कुणाही बॉयलरवाल्याला आपलं वाटेल असं काम. १९६९ साली आजार कळला आणि त्यांनी वॉर्ड स्टीफनसन या वकिलामार्फत अकरा उत्पादक कंपन्यांवर दावा लावला. बोरेल यांचा रोख आपल्या मालकावर नव्हता; ज्यांनी माल बनवून विकला आणि धोक्याची सूचना दिली नाही त्यांच्यावर होता. पुढे शस्त्रक्रियेत मेसोथेलिओमा सापडला. खटला उभा राहण्याआधीच बोरेल वारले, दावा पत्नीने चालवला. ज्युरीने ७९ हजार डॉलरच्या वर भरपाई दिली. कंपन्या अपिलात गेल्या आणि सप्टेंबर १९७३ मध्ये तिथंही हरल्या. माल बनवणाऱ्याने त्या मालाबद्दल तज्ज्ञाइतकं जाणून असलं पाहिजे, तपासलं पाहिजे आणि वापरणाऱ्याला सावध केलं पाहिजे, असं अपिलाच्या न्यायालयाने ठरवलं. स्टीफनसन त्या निकालाच्या काही दिवस आधीच कर्करोगाने गेले होते.

यानंतर दाव्यांची रीघ लागली, आणि दाव्यांबरोबर कागद बाहेर पडू लागले. अमेरिकन पद्धतीत खटल्याआधी समोरच्याची कागदपत्रं मागता येतात. १९७७ मध्ये अशाच मागणीतून एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची १९३० च्या दशकातली पत्रं हाती लागली. या धुळीबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या हिताचं, असा त्यांतला आशय होता. कंपन्यांना माहीत नव्हतं हा बचाव तिथंच संपला. जॉन्स-मॅनव्हिल ही त्या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी सोळा हजारांवर दावे अंगावर आल्यावर ऑगस्ट १९८२ मध्ये दिवाळखोरीच्या आश्रयाला गेली.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. धुळ्यातून, शिरपुरातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता मुंबईच्या पूर्व उपनगरांत शिरतो तेव्हा त्याचं नाव लालबहादूर शास्त्री मार्ग होतं. जुन्या लोकांच्या तोंडी तो आग्रा रोडच. या रस्त्यावर घाटकोपरला टर्नर अँड न्यूअलच्या गटातला हिंदुस्तान फेरोडो हा कारखाना होता. ब्रेक लायनर, क्लच, ॲस्बेस्टॉसचं कापड, दोर असा माल तिथं बने. साठच्या दशकात तिथली यंत्रं चालू होती तेव्हा ब्रिटनमधली ती ३६३ माणसं तपासून तीस वर्षं झाली होती आणि डॉल यांचा अभ्यासही छापून झाला होता. ज्या घराण्याच्या स्वतःच्या कारखान्यावर तो अभ्यास झाला, त्याच घराण्याची ही शाखा. तेव्हा रॉचडेलला जे माहीत होतं ते घाटकोपरच्या कामगाराला कुणी सांगायला हवं होतं, असं मी म्हणतो ते आजच्या शहाणपणाच्या बळावर नाही. त्या वेळचंच ज्ञान त्यासाठी पुरेसं होतं.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी एकदमच घडल्या. भोपाळच्या वायुकांडानंतर भारत सरकारने अमेरिकेत युनियन कार्बाइडवर दावा लावला, आणि मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी तो परत पाठवला: भारतातल्या दुर्घटनेचा न्याय भारतातल्या न्यायालयात व्हावा. परदेशी मूळ कंपनीला तिच्या घरच्या न्यायालयात खेचण्याची वाट भारतीय कामगारासाठी त्या दिवशी जवळपास बुजली. त्याच १९८६ साली अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने सर्वोच्च न्यायालयात ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी रिट याचिका दाखल केली. खाणीतले, कारखान्यातले कामगार आजारी पडताहेत, डॉक्टर नोंद करत नाहीत, कायद्याचं संरक्षण अपुरं आहे, असं तिचं म्हणणं होतं. अहमदाबादकडे ही बाजू उभी राहण्याला कारण होतं. तिथं ॲस्बेस्टॉस सिमेंटचे कारखाने होते आणि राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थाही त्याच शहरात होती. वीजकेंद्रात नळ्यांचं अस्तर काढण्या-लावण्याचं काम करणारे कामगारही तिथं हा प्रश्न पुढे आणत होते. दीपनगरला तसंच काम करणाऱ्या माणसांपासून हे शहर एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर, तापीकाठच्या रेल्वेने जोडलेलं.

याचिका नऊ वर्षं चालली. २७ जानेवारी १९९५ रोजी सरन्यायाधीश अहमदी, न्या. पुंछी आणि न्या. के. रामस्वामी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. निकालपत्र रामस्वामी यांनी लिहिलं. कामगाराचं आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, असं त्यांनी ठरवलं. कायद्याचे अभ्यासक हा निकाल या तत्त्वासाठी शिकवतात. कामगाराच्या नजरेतून पाहिलं तर त्यातला आदेशांचा भाग जास्त मोलाचा आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ठेवायची. ती कामाच्या सुरुवातीपासून किमान चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोपर्यंत जपायची. हवेतल्या तंतूंची मोजणी ठरलेल्या पद्धतीने करायची. कामगार राज्य विमा योजनेत असो वा नसो, प्रत्येक कामगाराला आरोग्यविम्याचं छत्र द्यायचं. ज्यांच्या आजाराबद्दल वाद होता त्यांना अहमदाबादच्या संस्थेने पुन्हा तपासायचं, आणि ॲस्बेस्टॉसिस ठरला तर कारखान्याने प्रत्येकी एक लाख रुपये तीन महिन्यांत द्यायचे.

एक लाखाचा आकडा १९९५ सालीही मोठा नव्हता. अमेरिकेत बोरेल यांच्या पत्नीला बावीस वर्षांपूर्वी मिळालेल्या रकमेशी त्याची तुलनाच होत नाही. न्यायालयाने धंद्यावर बंदी घातली नाही, कुणाला दोषी ठरवलं नाही. पण चाळीस वर्षांच्या नोंदीचा आदेश देताना न्यायाधीशांनी आजाराची चाल ओळखली होती. मुदत आजाराच्या गतीने मोजायची, कोर्टाच्या सवयीने नाही, हे या निकालात लिहिलं गेलं.

आदेश झाला. पाळला किती गेला? मुंबईत व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्र ही छोटी संस्था कामगार संघटनांबरोबर काम करत होती. तिच्याकडून शीव रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी आधी कापड गिरण्यांतल्या बिसिनोसिसवर, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजारावर काम केलं होतं. खानदेशातल्या गिरणी कामगारांनाही तो आजार अनोळखी नव्हता. दमा म्हणून तो सोसला जाई. आता ते घाटकोपरच्या कारखान्याकडे वळले. त्याची मालकी एव्हाना भारतीय हातात गेली होती आणि नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं होतं. त्यांनी १८१ कायम कामगार तपासले. एक्स-रे, श्वासाची चाचणी, कामाचा सगळा पूर्वेतिहास. पाचांत एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा अभ्यास २००५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला गेला. त्याच्या सुरुवातीला एक वाक्य आहे जे वाचून मी थांबलो: भारतात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार अंदाजे एक लाख, आणि भरपाई मिळालेले तिसांहून कमी.

लाखात तीसही नाहीत. असं का, याची कारणंही त्यांनी तिथंच मांडली आहेत. व्यवस्थापनाने करवून घेतलेल्या तपासण्यांत कामगाराला आजाराचा दाखला दिला जात नाही. डॉक्टरांना हे आजार शिकवलेले नसतात. ॲस्बेस्टॉसिसला जुना खोकला किंवा क्षय ठरवून मोकळं व्हायचं, आणि तेही कधी कधी जाणूनबुजून. शिवाय मध्यमवर्गीय डॉक्टरच्या मनात कामगाराबद्दल असलेला दुरावा. हे शेवटचं कारण डॉक्टरांनीच आपल्या पेशाबद्दल छापून आणणं सोपं नव्हतं.

क्षयाचा मुद्दा खानदेशात तर फारच लागू पडतो. आपल्याकडे छातीत पाणी झालं, वजन उतरलं, धाप लागली की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचाही नसतो, कारण टीबी खरोखरच जास्त आहे. पाणी काढतात, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. पाणी पुन्हा भरतं. मेसोथेलिओमाच्या रुग्णाला निदानानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षच मिळतं. त्यातले पहिले महिने अशा गोळ्यांत जाऊ शकतात. पक्कं निदान व्हायला आवरणाचा तुकडा काढून खास रंगचाचण्या कराव्या लागतात. त्यासाठी माणूस बहुधा परळच्या टाटा रुग्णालयात पोचतो. आणि केसपेपरवर पूर्वी काय काम केलं हा रकाना भरलाच गेला नाही, तर सगळ्या तपासण्या बरोबर होऊनही दाव्याच्या कामी त्या पांगळ्या ठरतात.

समजा निदान झालं. जळगावच्या किंवा धुळ्याच्या न्यायालयात काय होतं? मुंबईहून, ठाण्याहून परतलेल्या कामगाराच्या दृष्टीने इथंही १९९५ हेच साल महत्त्वाचं आहे. त्या वर्षाच्या दुरुस्तीआधी भरपाईचा अर्ज अपघात किंवा काम जिथलं तिथं करावा लागे. दुरुस्तीने कामगार किंवा त्याचे वारस जिथं राहतात तिथल्या आयुक्ताकडेही अर्ज करायची मुभा दिली. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे आयुक्त असत. म्हणजे घाटकोपरच्या कारखान्याविरुद्ध यावलच्या विधवेला जळगावात दाद मागता येऊ लागली.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंद्याने होणाऱ्या रोगांची यादी होती. ॲस्बेस्टॉसिस तीत होताच; ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमाही होते. या कर्करोगांबाबत एकाच मालकाकडे सलग सहा महिने तसं काम केलेलं असेल तर आजार कामातूनच झाला असं कायदा गृहीत धरे. उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. इतकं कामगाराच्या बाजूचं गृहीतक क्वचितच कुठल्या कायद्यात असेल. नेली केरशॉला जे नाकारलं गेलं ते इथं पुस्तकात छापलेलं होतं.

पण त्याच कायद्यात पुढे मुदतीचं कलम होतं. दावा दोन वर्षांत लावायचा. काम सुटलेल्या माणसाबाबत, काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ज्या दिवशी ती प्रथम आढळली तो अपघाताचा दिवस मानायचा. चाळीस वर्षांनी उगवणाऱ्या आजाराला दोन वर्षांची खिडकी! पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना होता, आणि सगळी मदार त्यावरच येऊन पडे. राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला तर या वाटेने जाताच येत नाही. त्याला विमा महामंडळाच्या वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागतं. दिवाणी न्यायालयात मोठ्या रकमेचा दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. अमेरिकेत वकील आपला मेहनताना निकालानंतर मिळालेल्या रकमेतून घेतो; आपल्याकडे वकिलाला तसा करार करायला मनाई आहे.

रकमेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. २०२० पासून हिशेबासाठी वेतन १५ हजारांपर्यंतच धरत. वयाचा आकडा तरुणासाठी २२८ पर्यंत असतो आणि वाढत्या वयाबरोबर घटत पासष्टीला ९९.३७ वर येतो. म्हणजे पासष्टी ओलांडलेल्याच्या वारसांना जास्तीत जास्त साडेसात लाखांच्या आतबाहेर. यंत्राने हात तुटलेल्या तरुणाचा विचार करून हे कोष्टक केलं तेव्हा ते योग्यच होतं. पण ॲस्बेस्टॉसचा कर्करोग म्हातारपणीच येतो. तरुणपणी घेतलेल्या श्वासाची किंमत इथं म्हातारपणाच्या दराने लावली जाते. आता हा जुना कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरून गेला आहे. जुन्या आजारांचे जुने प्रश्न मात्र तिच्याबरोबर आले आहेत.

मुदतीची ही अडचण आपल्यापुरतीच नाही. इटलीत कासाले मोनफेर्रातो गावातल्या एटर्निट कारखान्याने कामगारांबरोबर गावकऱ्यांचाही जीव घेतला. तूरिनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीच्या दोन माजी धुरिणांना प्रत्येकी सोळा वर्षांची शिक्षा दिली. अपिलात त्यांतल्या एकाची अठरा झाली, दुसरा दरम्यान वारला. नोव्हेंबर २०१४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं, कारण मुदत उलटून गेली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने वेगळं पाऊल टाकलं. स्वित्झर्लंडमधल्या हान्स मोर या यंत्रकामगाराला २००४ मध्ये मेसोथेलिओमा निघाला, पुढच्या वर्षी तो वारला. धुळीशी संबंध संपल्यापासून दहा वर्षं होऊन गेली म्हणून स्विस न्यायालयांनी त्याचा दावा फेटाळला होता. आजार कळायच्या आधीच ज्याची मुदत संपते, त्याला न्यायालयाचं दार खुलं होतं असं म्हणताच येत नाही, असा त्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. आपल्या आयुक्तांपुढे उशीर माफीचा अर्ज करणाऱ्या वकिलाने हे प्रकरण जरूर वाचावं. ते बंधनकारक नसलं तरी युक्तिवाद तंतोतंत लागू आहे.

आणि टर्नर अँड न्यूअलचं काय झालं? एका अमेरिकन बँकेने इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसबद्दल लावलेल्या दाव्यात तिचं दप्तर उघडावं लागलं. लाखो पानं बाहेर आली. बँक तो दावा हरली, पण कागद उरले. १९९५ मध्ये लीड्सच्या जून हॅनकॉक यांनी टर्नर अँड न्यूअलच्या उपकंपनीवरचा दावा जिंकला. लहानपणी त्या कारखान्याजवळ राहत होत्या, तिथल्या धुळीत खेळल्या होत्या, एवढाच त्यांचा संबंध होता. जुलै २००० मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने केप या दुसऱ्या कंपनीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगारांना इंग्लंडमध्येच दावा चालवायची परवानगी दिली. भोपाळच्या वेळी बंद झालेलं दार तिथं किलकिलं झालं. २००३ मध्ये केपने ७५ लाख पौंडांवर तडजोड केली. तोवर अर्जदारांतले कित्येक वारले होते. टर्नर अँड न्यूअल १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलने विकत घेतली, आणि १ ऑक्टोबर २००१ रोजी दाव्यांच्या ओझ्याखाली ती दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. घाटकोपरचे कामगार तपासून त्यांच्या आजाराचे आकडे छापले जाईपर्यंत मूळ घराण्याची तिजोरी अशी न्यायालयाच्या कुलपात गेलेली होती.

ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारतात खाणींचे नवे परवाने बंद झाले, आयात मात्र सुरू राहिली. २००४ साली बंदीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका आली. २१ जानेवारी २०११ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. बंदी घालायची की नाही हा निर्णय सरकारचा आणि संसदेचा, असं म्हणताना न्यायालयाने १९९५ चे आदेश मात्र पुन्हा ठणकावून सांगितले. ते आजही लागू आहेत. १९९५ साली ज्या पोराने अशा एखाद्या कारखान्यात पहिली हजेरी लावली, त्याच्या छातीच्या फोटोंची आणि तपासण्यांची नोंद किमान २०३५ पर्यंत जपणं कारखान्यावर बंधनकारक आहे. तो काम सोडून पारोळ्याला किंवा साक्रीला परतला असेल, कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात हलला असेल, नाव बदललं असेल, तरी ते बंधन सुटत नाही. आपली नोंद त्याने आजारी पडायच्या आधीच लेखी मागावी. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे उतारे, विम्याचं कार्ड यांच्याबरोबर ती पेटीत ठेवावी, सातबारा ठेवतात तशी.